अति घाई : एक्सझेड चोरदरवाज्याचा घटनाक्रम

गुरुवार, 25 एप्रिल 2024. उबंटू 24.04 ही लिनक्स प्रणाली या दिवशी प्रसिद्ध होणार, हे कॅनॉनिकल कंपनीने कितीतरी आधी जाहीर केले होते. दर दोन वर्षांनी येणारी ही दीर्घ मुदतीची आवृत्ती. एकदा सर्व्हरवर चढवली की पाच वर्षे अपडेट मिळत राहतात, म्हणून मोठ्या संस्था अशाच आवृत्तीची वाट पाहतात. आपल्या संरक्षण मंत्रालयाची 2023 मध्ये गाजलेली 'माया' प्रणाली उबंटूवर बेतलेली आहे. सी-डॅकची 'बॉस' उभी आहे डेबियनवर, म्हणजे उबंटूच्याही मुळाशी असलेल्या प्रणालीवर. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाला लागून असलेल्या विद्यानगरात शिकायला आलेली मुले खोल्या घेऊन राहतात. त्यांच्या लॅपटॉपवर उबंटू, फेडोरा नाहीतर काली यांपैकी काहीतरी सापडतेच.

या तारखेच्या आत या प्रणालींच्या पोटात एक चोरदरवाजा बसवायचा, असा कोणाचा तरी बेत होता असे दिसते. तो 27 दिवस आधी उघडा पडला. खालचे दिवस 25 एप्रिलपासून उलटे मोजले आहेत. घड्याळाची वेळ दिली आहे तिथे ती भारतीय आहे.

909 दिवस आधी
29 ऑक्टोबर 2021

फाइली आवळून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' नावाच्या प्रकल्पाला एक छोटीशी दुरुस्ती येते. पाठवणाऱ्याचे नाव जिया टॅन. दुरुस्तीत वावगे काही नाही; मजकुराची मांडणी सगळ्यांनी एकसारखी ठेवावी म्हणून केलेली एक फाइल, एवढेच.

एक्सझेड फिनलंडच्या लासे कॉलिन यांचे काम. 2000 च्या दशकापासून ते जवळजवळ एकट्याने आणि विनावेतन हा प्रकल्प सांभाळत आलेले. त्यातली लायब्ररी मात्र जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते. डेबियनची पॅकेजेस असोत की लिनक्सच्या गाभ्याचा सोर्स कोड, उतरवून घेताना गठ्ठा बहुधा एक्सझेडनेच आवळलेला असतो. प्रणाली नव्याने बांधायला बसलेल्या माणसाचा पहिला स्पर्श या अवजाराला होतो आणि त्याचे लक्ष सगळ्यात कमी याच अवजाराकडे जाते.

688 दिवस आधी
7 जून 2022

दीड-दोन महिन्यांपासून कॉलिन यांच्यामागे दोन नावे लागलेली आहेत. एक 'जिगर कुमार', दुसरे 'डेनिस एन्स'. दुरुस्त्या रखडल्या आहेत, उत्तरे उशिरा येतात, नवा सांभाळकर्ता आल्याशिवाय प्रगती होणार नाही, असा त्यांचा घोशा. 7 जूनला कुमार हेच पुन्हा बजावतो.

दुसऱ्या दिवशी कॉलिन उत्तर देतात. रस संपलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक अस्वास्थ्यामुळे हातून काम कमी होते आहे. आणि हा बिनपैशांचा छंद आहे, हेही लक्षात असू द्या. जिया टॅन मदत करतो आहे, पुढे त्याच्याकडे मोठी जबाबदारी येऊ शकते, असेही ते लिहितात.

पुढे या दोन नावांचा माग काढायचा प्रयत्न झाला तेव्हा या पत्रव्यवहाराबाहेर त्यांचा जवळजवळ मागमूस लागला नाही. 'जिगर कुमार' वाचून आपल्याकडचा कोणी म्हणून मान खाली घालण्याचे कारण नाही. ते नाव कोणी पांघरले होते हे आजही कळलेले नाही. त्याने केलेले काम मात्र स्पष्ट आहे. थकलेल्या माणसाला त्याने घाई लावली, आणि त्याच वेळी मदतीचा हात घेऊन दुसरा कोणी दारात उभा होता.

404 दिवस आधी
18 मार्च 2023

एक्सझेड 5.4.2 ही आवृत्ती पहिल्यांदा जिया टॅन स्वतः तयार करून प्रसिद्ध करतो. किल्ल्या आता त्याच्याकडेही आहेत.

त्या जूनमध्ये 'हान्स जॅन्सेन' हे नवे नाव येते आणि वेग वाढवण्याच्या नावाखाली एक बदल सुचवते. प्रोग्राम सुरू होतानाच कोणते फंक्शन वापरायचे हे ठरवणारी ती यंत्रणा. पुढे चोरदरवाजा याच खिडकीतून आत शिरणार आहे. जुलैत जिया टॅन गूगलच्या स्वयंचलित तपासणी सेवेला विनंती करतो, की एक्सझेड तपासताना ही यंत्रणा बंद ठेवा. विनंती मान्य होते.

62 दिवस आधी
23 फेब्रुवारी 2024

एक्सझेडच्या चाचणी फाइलींमध्ये काही नव्या फाइलींची भर पडते. त्यांतली एक मुद्दाम बिघडवलेली आहे. यात कोणाला खटकण्यासारखे काही नाही. आवळणारा प्रोग्राम बिघडलेली फाइल उघडताना कोसळत तर नाही ना, हे पाहायला अशा फाइली लागतातच. शिवाय त्या वाचून कळत नाहीत. अक्षरांऐवजी नुसते बाइट. चोरदरवाज्याचे तुकडे या बाइटांतच आहेत.

61 दिवस आधी
24 फेब्रुवारी 2024

एक्सझेड 5.6.0 प्रसिद्ध होते. सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे.

मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड मिळवायच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे गिटमधून. तिथे प्रत्येक ओळ कोणी, कधी, का बदलली याची नोंद राहते आणि ती कोणालाही वाचता येते. दुसरी वाट टारबॉलची. सांभाळकर्ता आपल्या यंत्रावर सगळ्या फाइली एकत्र बांधतो, सही करतो आणि तो गठ्ठा प्रसिद्ध करतो. गठ्ठ्यात गिटमध्ये नसलेल्या काही फाइली असणे रिवाजाचेच. बांधणीची तयारी करणाऱ्या स्क्रिप्ट आधीच तयार करून त्यात टाकलेल्या असतात, म्हणजे घेणाऱ्याचे कष्ट वाचतात. डेबियन आणि फेडोरासारख्या प्रणालींचे पॅकेज बांधणारे बहुतेक वेळा हा गठ्ठाच उचलत.

5.6.0 च्या गठ्ठ्यात अशाच एका स्क्रिप्टमध्ये काही ओळी जास्त होत्या. गिटमध्ये त्या नव्हत्या. महापालिकेने मंजूर केलेला नकाशा वेगळा आणि गवंड्याच्या हातात दिलेला वेगळा, असा हा प्रकार. गिट वाचणाऱ्याला सगळे ठीक दिसायचे आणि बांधणी मात्र दुसऱ्याच कागदावरून व्हायची. त्या जादा ओळी चाचणी फाइलींतले तुकडे बाहेर काढत, जुळवत आणि लायब्ररीत मिसळून टाकत.

तेही प्रत्येकाच्या यंत्रावर नाही. आपण डेबियनचे किंवा फेडोरा वापरते त्या आरपीएम जातीचे पॅकेज म्हणून बांधले जात आहोत का, यंत्र 64-बिट इंटेल जातीचे आहे का, हे स्क्रिप्ट आधी पाहून घेई. विद्यानगरातल्या एखाद्या मुलीने कुतूहलाने तोच गठ्ठा उतरवून, 'कॉन्फिगर' आणि 'मेक' चालवून लायब्ररी घरी बांधली असती, तर ती निर्दोष निघाली असती. स्वतः बांधून पाहणाऱ्याला काही सापडू नये आणि बांधलेले आयते घेणाऱ्याला मात्र विष मिळावे, अशी ही योजना.

त्याच सुमारास जेंटू या प्रणालीवर 5.6.0 कोसळत असल्याच्या तक्रारी येतात.

59 ते 56 दिवस आधी
26 ते 29 फेब्रुवारी 2024

26 फेब्रुवारीला डेबियनच्या अस्थिर शाखेत 5.6.0 दाखल होते. 27 तारखेपासून जिया टॅन फेडोरामागच्या रेड हॅट कंपनीतल्या रिचर्ड जोन्स यांना लिहू लागतो: नव्या आवृत्तीत छान सुविधा आहेत, फेडोरा 40 मध्ये ती घ्या.

याच दिवसांत एक्सझेडच्या बांधणी फाइलीत, एका छोट्या चाचणीच्या सुरुवातीला एक पूर्णविराम पडतो. त्या एका टिंबाने चाचणी दर वेळी नापास होते आणि 'लँडलॉक' नावाचे लिनक्सचे संरक्षण गुपचूप बंद राहते. शेकडो ओळींत ते टिंब दिसणे कठीण, आणि दिसले तरी टंकदोष म्हणून सोडून देण्यासारखे.

29 फेब्रुवारीला वेगळ्याच ठिकाणी एक साधा प्रस्ताव येतो. एसएसएच हे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करण्याचे साधन. त्याचा एक्सझेडशी मुळात संबंध नाही. पण डेबियन, फेडोरा वगैरे मंडळींनी एसएसएचला सिस्टमडीशी, म्हणजे यंत्रावरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामशी, जोडणारी एक दुरुस्ती केलेली होती, आणि सिस्टमडीची लायब्ररी एक्सझेडला सोबत घेऊन येई. चोरदरवाजा याच साखळीवर बेतलेला. प्रस्ताव असा, की सिस्टमडीने एक्सझेडला उगाच ओढून आणू नये. खरोखर लागेल तेव्हाच बोलवावे. 5 मार्चला तो मंजूर होतो. उबंटू 24.04 मध्ये जुनीच सिस्टमडी जाणार, पण त्यानंतरच्या प्रणालींसाठी ही वाट बंद होणार. आता घाई हल्लेखोरालाही आहे, असा अनेक जाणकारांचा अंदाज आहे.

47 दिवस आधी
9 मार्च 2024

4 मार्चपासून रेड हॅटकडे व्हॅलग्रिंडच्या तक्रारी दिसू लागतात. स्मृतीच्या वापरातल्या चुका पकडणारे हे साधन नेमके एक्सझेडच्या लायब्ररीकडे बोट दाखवते आहे. जिया टॅन दोष सोर्स कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्या कंपायलरवर ढकलतो, दुरुस्ती केल्याचे दाखवतो आणि 9 मार्चला 5.6.1 काढतो. फेडोराची माणसे या तक्रारी मिटवण्यासाठी त्याच्यासोबत काम करतात. ज्याने घर फोडले त्याच्याच सल्ल्याने कुलूप दुरुस्त होत होते.

31 दिवस आधी
25 मार्च 2024

आपल्याकडे धुळवड. 'हान्स जॅन्सेन' पुन्हा उगवतो आणि डेबियनकडे मागणी नोंदवतो: 5.6.1 लवकर घ्या, व्हॅलग्रिंडची कटकट मिटते. आणखी काही अनोळखी नावे त्याला दुजोरा देतात. दुसऱ्या दिवशी फेडोरा 40 ची बीटा आवृत्ती प्रसिद्ध होते.

26 मार्चलाच दूषित लायब्ररी काली लिनक्सच्या अपडेटमध्ये पोचते. सायबर सुरक्षा शिकणारी मुले जी प्रणाली पहिल्यांदा हातात घेतात, ती ही. 26 ते 29 मार्च या चार दिवसांत ज्याने ज्याने तिच्यावर अपडेट चालवले त्याने चोरदरवाजा स्वतःच्या हाताने आत घेतला.

29 दिवस आधी
27 मार्च 2024

डेबियन 5.6.1 स्वीकारते.

विद्यानगरापासून फार लांब नसलेल्या उप्पलच्या मैदानावर त्या संध्याकाळी सनरायझर्स हैदराबाद मुंबई इंडियन्सविरुद्ध 277 धावा कुटतात. आयपीएलमधली तोवरची ती सर्वाधिक धावसंख्या. सगळ्या शहराचे डोळे धावफलकावर असताना सर्व्हरच्या जगातला हा बदल कोणाच्या खिजगणतीत असणार?

28 दिवस आधी
28 मार्च 2024

जिया टॅन उबंटूकडे मागणी नोंदवतो: डेबियनमधली 5.6.1 घ्या. बीटा आवृत्ती 4 एप्रिलला यायची आहे. उबंटूच्या प्रस्तावित कप्प्यात 5.6.0 आधीच येऊन पडलेली आहे. प्रमुख कप्प्यात जायला आता एखादी होकाराची खूण पुरे.

त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड एका चाचणीत गुंतलेले आहेत. वेगातला बारीकसा फरक मोजायचा म्हणून यंत्रावर दुसरे काही चालू नको. पण एसएसएच प्रोसेसरचा बराच वेळ खाते आहे. बाहेरून कोणी तरी चुकीची नावे टाकून लॉगिनचे प्रयत्न करत असते. इंटरनेटवर हे रोजचे. असा प्रयत्न ताबडतोब फेटाळला जायला हवा. इथे फेटाळायलाच वेळ लागतो आहे.

ते मोजतात. आधी 0.299 सेकंद लागायचे. आता 0.807.

अर्ध्या सेकंदासाठी कोणी हातातले काम टाकत नाही. फ्रॉइंड टाकतात. वेळ खाणारी ओळ एक्सझेडच्या लायब्ररीत सापडते, पण नेमक्या कोणत्या फंक्शनात, हे मोजणीचे साधन सांगू शकत नाही. तेव्हा त्यांना काही आठवड्यांपूर्वीची व्हॅलग्रिंडची एक विचित्र तक्रार आठवते. दोन धागे जुळतात. आधी वाटते, डेबियनचे पॅकेज कोणी तरी बाटवले असावे. खणत गेल्यावर कळते, की मूळ एक्सझेडच बाटलेले आहे.

चोरदरवाजा लपायला हुशार. टर्मिनलवरून हाताने एसएसएच चालवले, की तो गप्प बसतो. तपासणीच्या साधनांच्या खुणा दिसल्या, की गप्प बसतो. सर्व्हर एरवी जसा आपोआप सुरू होतो, तशाच वातावरणात तो जागा होतो आणि लॉगिनच्या वेळी सही पडताळणारे फंक्शन ताब्यात घेतो. मग एक विशिष्ट गुप्त किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याला पासवर्डाशिवाय त्या यंत्रावर हवी ती कमांड चालवता येते. ती किल्ली दुसऱ्या कोणाकडेच नाही, म्हणून बाहेरून तपासणाऱ्याला दरवाजा आहे हेही कळत नाही.

फ्रॉइंड डेबियनला आणि इतर प्रणालींच्या सुरक्षा गटाला खासगीत कळवतात. रेड हॅट दोषाला क्रमांक देते: सीव्हीई-2024-3094. तीव्रता 10 पैकी 10. डेबियन तातडीने मागे फिरते आणि 5.6.1 च्याच नावाखाली जुनी 5.4.5 पाठवते, म्हणजे अपडेट करणाऱ्यांची यंत्रे आपोआप जुन्यावर येतील.

27 दिवस आधी
शुक्रवार, 29 मार्च 2024, रात्री 9 वाजून 21 मिनिटे

गुड फ्रायडेची सुट्टी. महिनाअखेरीला आर्थिक वर्ष संपते म्हणून, मधला रविवार असूनही, सरकारी व्यवहार करणाऱ्या बँका 31 मार्चला उघड्या ठेवायचे रिझर्व्ह बँकेने आधीच सांगितलेले. अशा वेळी सर्व्हरला कोणी हात लावत नाही.

फ्रॉइंड यांचे निवेदन जाहीर होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे 8 वाजून 51 मिनिटे. आपण सुरक्षा संशोधक नाही, असे सांगूनच ते आपली निरीक्षणे मांडतात.

पुढच्या काही तासांत रेड हॅट फेडोराच्या चाचणी आवृत्त्या वापरणे ताबडतोब थांबवायला सांगते. गिटहब हे संकेतस्थळ आपल्याकडचे एक्सझेडचे कोठार कुलूपबंद करते. जिया टॅनबरोबर कॉलिन यांचेही खाते बंद होते; सुट्टीवर असलेल्या त्या माणसाला आपल्याच प्रकल्पात काय घडले हे जगाबरोबरच कळते. डेबियनची स्थिर शाखा सुटलेली आहे, कारण तिने जुनीच आवृत्ती ठेवली होती. आर्च लिनक्सने दूषित गठ्ठा घेतला होता, पण तिचे एसएसएच सिस्टमडीशी जोडलेले नाही.

फ्रीबीएसडीही त्याच दिवशी आपण सुरक्षित असल्याचे कळवते. ही प्रणाली वेगळ्या रीतीची. गाभ्यापासून रोजच्या कमांडपर्यंत सगळा सोर्स कोड एका झाडात, गिटने अद्ययावत करायचा आणि 'मेक बिल्डवर्ल्ड' म्हणून अख्खी प्रणाली नव्याने बांधायची. एक्सझेडची नवी आवृत्ती त्या झाडातही आली होती. पण बाहेरचा कोड आत घेताना तिथे लागेल तेवढेच घेतात आणि बांधणी स्वतःच्या फाइलींनी करतात. चोरदरवाज्याचे भाग त्या चाळणीतच बाहेर राहिले होते.

26 दिवस आधी
30 मार्च 2024

डेबियन पॅकेज बांधणे थांबवते. प्रश्न एक्सझेडच्या पलीकडे गेलेला आहे. ज्या यंत्रांवर हजारो पॅकेजेस बांधली जातात, त्यांच्यावरच दूषित लायब्ररी चालत असेल, तर त्यांनी बांधलेल्या बाकीच्या पॅकेजेसवर कसा विश्वास ठेवायचा? युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी 1984 मध्ये छापून आलेल्या ट्युरिंग व्याख्यानात हाच पेच मांडला होता. कंपायलरच बाटलेला असेल, तर स्वच्छ सोर्स कोड वाचूनही निष्पन्न प्रोग्राम स्वच्छ असल्याची खात्री देता येत नाही. डेबियन बांधणीची यंत्रे स्थिर शाखेवरून नव्याने उभी करायला घेते.

त्याच दिवशी कॉलिन लँडलॉक बंद पाडणारे ते टिंब काढून टाकतात.

22 दिवस आधी
3 एप्रिल 2024

कॅनॉनिकल जाहीर करते: 26 फेब्रुवारीनंतर 24.04 साठी बांधलेली सगळी पॅकेजेस काढून टाकू आणि कोऱ्या यंत्रांवर पुन्हा बांधू. बीटा 4 ऐवजी 11 एप्रिलला येईल.

ही बातमी त्या गदारोळात मागे पडली, पण माझ्या मते सगळ्या घटनाक्रमातला सर्वांत शहाणा निर्णय हा होता. दूषित लायब्ररी प्रमुख कप्प्यात गेलेली नसताना, दुसरे काही बाटल्याचा पुरावा नसताना, वेळापत्रक तोंडावर आलेले असताना त्यांनी एक आठवडा मोजून दिला. 2022 पासून इथे घडलेले बहुतेक नुकसान 'लवकर करा' या दोन शब्दांच्या आडून झाले होते. सांभाळकर्त्याने लवकर बाजूला व्हावे, फेडोराने लवकर घ्यावे, डेबियनने लवकर घ्यावे, उबंटूने बीटाच्या आत घ्यावे. ज्यांनी उशीर केला ते वाचले: डेबियनची स्थिर शाखा, चाळून घेणारे फ्रीबीएसडी, अर्ध्या सेकंदापाशी अडून बसलेले फ्रॉइंड.

0 दिवस
25 एप्रिल 2024

उबंटू 24.04 ठरल्या दिवशी प्रसिद्ध होते, 5.4 मालिकेतल्या एक्सझेडसह. 29 मे रोजी कॉलिन चोरदरवाजा पुसून 5.6.2 काढतात. प्रकल्प पुन्हा त्यांच्या हातात आहे.

जिया टॅन कोण, एक माणूस की एखाद्या देशाची यंत्रणा, हे समजलेले नाही. पण सोर्स कोड आणून प्रणाली बांधणाऱ्याने काय बदलायचे, हे समजण्यासाठी त्याची ओळख लागत नाही. गठ्ठा घेतला तर तो गिटशी ताडून पाहायचा. जमेल तिथे गठ्ठा सोडून थेट गिटमधूनच बांधायचे. एकाच कोडपासून दोन वेगळ्या यंत्रांवर बांधलेले पॅकेज बाइटशः सारखे येते का, हे पाहायचे. डेबियनमध्ये यासाठीचे काम 2013 पासून चालू आहे. आणि अपडेट घ्या म्हणून कोणी अनोळखी माणूस तगादा लावू लागला, तर घेण्याआधी त्याला विचारायचे, की एवढी घाई तुला का आहे.